भिक्षापात्रापासून पाणपोईपर्यंत

"आई, दहा दिवस मला घरचा मुलगा समजू नकोस," असे सांगून आमचा थोरला गेल्या एप्रिलच्या आरंभी श्रामणेर शिबिरास निघाला, तेव्हा त्याच्या आईने रागाने पाहिले ते माझ्याकडे. पोरगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. सुट्टीत टायपिंग, टॅली शिकावे, नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करावा, हे तिचे म्हणणे. "तुम्ही पंचवीस वर्षे चळवळ केलीत, आता त्याचेही डोके भादरा!" असा आहेर मला मिळाला. मी कारकून माणूस. घरातल्या वरिष्ठांपुढे गप्प बसणे मला चांगले जमते.

शिबिर आमच्याच जिल्ह्यातल्या एका विहारात होते. श्रामणेराचा दिनक्रम अनेक वाचकांना माहीत असेल, पण ज्यांच्या घरातून अजून कोणी गेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहाटे चारला उठणे. वंदना, ध्यान, झाडलोट. सकाळी अल्पोपाहार आणि बारा वाजण्याच्या आत एकदाच भोजन. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी किंवा सरबत, बाकी काही नाही. दुपारी पाली सूत्रांचे पाठांतर व धम्माचा अभ्यास, सायंकाळी पुन्हा वंदना आणि देसना. उपासकाला पाच शीले, श्रामणेराला दहा. नाच-गाणे-तमाशे पाहायचे नाहीत, सुगंध-अलंकार नाहीत, उंच गादीवर झोपायचे नाही आणि सोने-रुपे, म्हणजे पैसा, हातात घ्यायचा नाही. मोबाईलही पहिल्याच दिवशी पेटीत बंद झाला.

पाचव्या दिवशी श्रामणेर वस्तीत भिक्षेला निघाले. आम्ही दोघे मुद्दाम गेलो होतो. मुंडण केलेली, चीवर पांघरलेली वीसेक मुले खाली मान घालून एका रांगेत येत होती. त्याच्या आईने भात-वरण आणले होते. मुलगा समोर आला, पण त्याने मान वर केली नाही. तिने पात्रात भात घातला आणि घडी केलेली शंभराची नोट पात्राच्या कडेला टेकवली. त्याने शांतपणे हात मागे घेतला. नोट खाली पडली. शेजारच्या बाईंनी तिच्या कानात सांगितले, "वहिनी, त्यांना पैसा चालत नाही." मग रीतीप्रमाणे आईने मुलाला पंचांग प्रणाम केला. ज्याला तिने न्हाऊ घातले त्याच्याच पायाशी ती वाकली. उठली तेव्हा डोळे भरले होते, पण राग गेला होता. वाटेत एवढेच म्हणाली, "वाळलाय, पण शहाणा दिसतोय."

दहा दिवसांनी चीवर उतरले. घरी येऊन मुलगा एकच रात्र राहिला आणि दुसऱ्या दिवशी पांढरा सदरा-पायजमा घालून चार मित्रांसह आंबडव्याला निघाला. जयंतीच्या गर्दीत सेवा द्यायची होती. या वेळी आई काही बोलली नाही. मीही रजा टाकून बरोबर गेलो.

मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेबांचे मूळ गाव. रत्नागिरीहून चिपळूण, खेड करीत एसटीने जायचे तर दिवस मोडतो. जुन्या घराच्या जागी आज स्मारक उभे आहे, तेथे बाबासाहेबांच्या अस्थी जपल्या आहेत. 12 फेब्रुवारी 2022 रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद येथे येऊन नतमस्तक झाले. अनेक लोक त्याच फेरीत दापोलीजवळच्या वणंदला, माता रमाईंच्या माहेरच्या गावीही जातात.

सेवा देणाऱ्या मुलांचा दिवस उजाडण्याआधी सुरू होई. आवार झाडणे, फरशी धुणे, पाणपोईची पिंपे भरणे, मग वंदना. आठनंतर गाड्या येऊ लागत. एकाने चपला सांभाळायच्या, एकाने रांग लावायची, एकाने म्हाताऱ्यांना हात द्यायचा, एकाने चुकलेल्या पोरांचे आईबाप शोधायचे. कोकणातला एप्रिलचा उकाडा, दुपारी उभे राहवत नाही. मी बी.कॉम. असल्यामुळे माझ्याकडे दानाचा हिशोब आला. तिघांच्या समोर मोजणी, तिघांच्या सह्या आणि रात्री आकडा फळ्यावर. समाजाचा पैसा म्हणजे पै न् पै उघड, ही शिस्त मुलांनी स्वतः पाहिली. मला वाटते, तोही धम्माचाच पाठ होता.

माहिती सांगण्याचे काम आमच्या थोरल्याकडे होते. सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, "बाबासाहेबांचा जन्म इथलाच ना?" तो सांगे, "नाही काका, जन्म मध्य प्रदेशात महू येथे, 14 एप्रिल 1891. वडील रामजी सुभेदार तेथे लष्करात होते. पण घराण्याचे मूळ या गावात. या गावावरून आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर झाले." दिवसातून शंभर वेळा हेच सांगायचे आणि शंभराव्या वेळीही कंटाळा दाखवायचा नाही.

चौदा तारखेला दुपारी एक आजी आल्या. हातात नारळ आणि अगरबत्तीचा पुडा. नातवाला नोकरी लागू दे म्हणून त्यांना नवस बोलायचा होता. रांगेवरचा एक मुलगा तापला. "आजी, बावीस प्रतिज्ञा ठाऊक नाहीत का? इथे नवस चालत नाहीत!" आजी ओशाळल्या, नारळ पदराखाली लपवू लागल्या. माझा मुलगा पुढे झाला. त्याने आजींना सावलीत बसवले, पाणी दिले आणि नातू किती शिकलाय ते विचारले. मग म्हणाला, "आजी, बाबासाहेब नवसाला पावत नाहीत, अभ्यासाला पावतात. नातवाला इथे घेऊन या, कोणता फॉर्म भरायचा ते आम्ही सांगतो." आजी हसल्या. नारळ त्यांनी स्वयंपाकघरात दिला आणि तो संध्याकाळच्या आमटीत पडला. तापलेल्या मुलाचे म्हणणे चूक नव्हते. पण प्रतिज्ञा बरोबर असूनही माणूस दुखावला, तर आपण धम्म पोचवला की नुसता आपला शब्द खरा केला? रात्री मुले यावरच बराच वेळ बोलत होती.

अशा मुलांना कोणी "वेळ वाया घालवतात" म्हटले की मला इतिहास आठवतो. तथागतांनी पहिल्या साठ भिक्खूंना लोकांच्या कल्याणासाठी पाठवले तेव्हा दोघांनी एका वाटेने जाऊ नये असे सांगितले. 1891 मध्ये लंकेतून अनागारिक धर्मपाल बुद्धगयेस आले तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. महाविहाराची दुर्दशा पाहून त्यांनी त्याच वर्षी महाबोधी सोसायटी स्थापन केली. ब्रह्मदेशातील आराकानचे चंद्रमणी तरुणपणीच भारतात आले आणि कुशिनगरास राहून त्यांनी आयुष्य त्या स्थळाच्या सेवेत घातले. यात्रेकरूंची व्यवस्था पाहिली, मुलांसाठी शाळा काढल्या. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील देणारे महास्थवीर चंद्रमणी ते हेच. त्या ऐतिहासिक दिवसामागे एका परक्या तरुणाची अशी वर्षानुवर्षांची सेवा उभी होती, हे आपण विसरू नये.

पंधरा तारखेला गर्दी ओसरली आणि राहिला तो कचरा. पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या, फाटकी पत्रके. मुलांनी पोती भरभरून तो उचलला. सोळाला सकाळी विदर्भातून एकच कुटुंब आले, नवराबायको आणि दोन मुली. मुलाने त्यांना अर्धा तास सारे दाखवले. निघताना त्या गृहस्थांनी विचारले, "तुम्ही नेहमी इथे असता का?" मुलगा गप्प झाला. आमचीही एसटी दुपारी होती.

हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो. जयंतीला आपण हजारोंनी जातो, मग वर्षाचे बाकीचे दिवस? प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी ठरवले तर सुट्टीच्या काळात आठवड्याला दोन मुले-मुली आपल्या एखाद्या स्थळी सेवेस पाठवणे कठीण नाही. जेवणखाण व एसटीचे भाडे वर्गणीतून होईल. हिशोब लिहायला मी आहेच.

आणि मातांना एक विनंती. पोराला अडवू नका. आमच्या घरी आता वेगळेच चालले आहे. धाकटी दहावीला आहे आणि तिची आईच म्हणते, "परीक्षा झाली की हिलाही पाठवू." जयभीम!