मोटारीचे आयुष्य

अंगारकीच्या दिवशी टिटवाळ्याच्या रस्त्यावर मोटारींची जी दाटी होते, तींत उभ्या असलेल्या आमच्या दोघा विद्यार्थ्यांत वाद जुंपला : युरोपची मोटार अधिक टिकते की जपानची? निकालासाठी ते मजकडे आले. मी यंत्रविद्येचा पंडित नव्हे. तथापि प्रश्न विचार करण्याजोगा खराच.

प्रथम टिकाऊपणा म्हणजे काय ते ठरविले पाहिजे. नवी मोटार कोणतीही धावते. दहापंधरा वर्षांनी, रबर कडक झाल्यावर व तारांचे जोड गंजल्यावर, ती सकाळी निमूटपणे सुरू होते काय, ही खरी परीक्षा होय.

या परीक्षेत जपानी मोटारींचा लौकिक मोठा आहे, आणि त्याचे मूळ कापडाच्या मागात आहे! साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये सिद्ध केलेला माग धागा तुटताच आपोआप थांबे. सदोष कापड पुढे विणलेच जात नसे. पुढे त्या घराण्याने मोटारी काढल्या, तेव्हा कारखान्यातही हाच नियम आला. दोष दिसताच साध्या कामगारानेही दोरी ओढावी आणि काम थांबवावे. शिवाय नवी युक्ती पुरती पारखल्यावाचून गाडीत घालावयाची नाही, असा त्यांचा सावध स्वभाव.

युरोपची, विशेषतः जर्मनीची, दृष्टी निराळी. तेथील हमरस्त्यांच्या कित्येक भागांवर वेगमर्यादाच नाही. त्यामुळे भरधाव वेगातही गाडी स्थिर राहावी, यासाठी नवनवी यंत्रणा तींत लवकर येते. सुख मोठे, परंतु जितके भाग अधिक, तितकी बिघडण्याची स्थानेही अधिक. इंजिनाचे पाणी वाहून नेणारे प्लास्टिकचे जोड वारंवार तापून व निवून ठिसूळ होतात. आपल्याकडील उन्हाळा आणि कल्याणच्या शीळ रस्त्यावरील खोळंबा त्यांस मुळीच मानवत नाही.

येथवर जपानवाल्या मुलाची कळी खुलली होती. पण मुंबईची पद्मिनी टॅक्सी कोणाची? मूळची इटलीच्या फियाटची! प्रीमियर कंपनीने कुर्ल्यास १९६४ पासून काढलेली ही गाडी साधी, जड, आणि नाक्यावरच्या कोणत्याही मेस्त्रीस उघडता येण्याजोगी. मुंबईत टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा आहे. ती पुरी करूनच शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

याउलट, त्याच प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी भागी करून १९९० नंतरच्या दशकात आपल्या कल्याणात ३०९ नामक गाडी काढली. चालावयास ती उत्तम. परंतु भागी अल्पावधीतच मोडली आणि सुटे भाग मिळविण्यासाठी मालकांस वणवण करावी लागली. यंत्र चांगले असून आयुष्य खुंटले. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या, सुझुकीच्या बनावटीच्या मारुती ८०० चे नशीब याहून निराळे. तिचे भाग तालुक्याच्या गावीही मिळू लागले. तिच्या कीर्तीत जपानी कौशल्याचा वाटा किती आणि त्या दुकानांचा किती, हे वेगळे काढणे मला तरी साधत नाही.

“मग आमच्या बाबांनी कोणती घ्यावी?” एकाने विचारले. मी त्यास स्टेशनाजवळच्या मेस्त्रीकडे पाठविले व कोणत्या गाडीचे भाग त्याच दिवशी मिळतात, एवढेच विचारून येण्यास सांगितले.