तेरा पापड आणि बँकेचं कुलूप

मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या एका ताईंना फोन आला. "बँकेतून बोलतोय, मोबाईलवर आलेला नंबर सांगा." ताईंनी सांगितला आणि खात्यातले चार हजार गेले. बैठकीत सगळ्यांचा एकच प्रश्न : बँकेचं कुलूप एवढं कच्चं असतं का? आम्ही माहिती काढली. कुलूप पक्कं आहे, आणि ते आकड्यांचं आहे. कसं ते आज सांगतो.

वाळवणाला बारा पापड घातले, तर तीन ओळींत चार-चार बसतात, दोन ओळींत सहा-सहा. आता तेरा घाला. दोन-तीन ओळी करून बघा, एखादा उरतो नाहीतर कमी पडतो. सगळ्यांची एकच लांब ओळ करावी लागते. अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात. 2, 3, 5, 7, 11, 13 या मूळ संख्या. त्या कधीच संपत नाहीत.

पण मोठी संख्या मूळ आहे हे कसं ओळखायचं? 31 वेळा 2 घेऊन त्यांचा गुणाकार करा आणि त्यातून 1 वजा करा. येतात 2,14,74,83,647. इतके पापड कोण मांडणार? लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञांनी 1772 मध्ये ही संख्या मूळ असल्याचं दाखवलं. तेव्हा ते रशियात राहत होते आणि त्यांची नजर जवळजवळ गेली होती. त्यांनी सगळे आकडे तपासले नाहीत. ओळींची संख्या आणि एका ओळीतले पापड, यांतला लहान आकडा 46,340 च्या पुढे जाऊच शकत नाही. शिवाय या संख्येला भागणारा आकडा असलाच, तर त्याला 62 ने भागल्यावर बाकी 1 उरायला हवी. एवढ्यानेच बहुतेक आकडे बाद झाले.

आता कुलूप. 41 आणि 47 या दोन मूळ संख्या. गुणाकार 1927, मिनिटाचं काम. पण नुसतं 1927 सांगून "कोणत्या दोन संख्या गुणल्या?" असं विचारलं, तर बराच वेळ जातो. 1977 मध्ये अमेरिकेत रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी यावरूनच कुलूप बनवलं. त्यात आज तीनशेच्या वर अंक असलेल्या दोन मूळ संख्या घेतात. गुणाकार सगळ्यांना माहीत असतो, त्याने कुलूप लावता येतं. उघडायला मात्र त्या दोन संख्या लागतात, आणि त्या शोधणं आजच्या मोठ्या संगणकांनाही जमत नाही.

म्हणून चोर कुलूप फोडत बसत नाही, तो आपल्यालाच किल्ली मागतो. मोबाईलवर आलेला ओटीपी ही आपली किल्ली. साहेब म्हणवणारा असो की ओळखीचा, कुणालाही सांगू नका. चुकून सांगितलाच, तर लाजत बसू नका, लगेच 1930 वर फोन करा.

आणि पुढच्या बैठकीआधी बघा : 91 पापड सारख्या ओळींत बसतात का?