राजा थोर की धर्मगुरू? एका अमेरिकन लेखिकेची कादंबरी



एच. एस. सी.च्या वर्गात असताना टी. एस. एलियट यांचे ‘मर्डर इन द कॅथेड्रल’ हे नाटक मी वाचले. तेव्हापासून माझ्या मनात एक चित्र पक्के बसले होते. आर्चबिशप थॉमस बेकेट म्हणजे संत आणि इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री म्हणजे क्रोधी, अन्यायी सत्ताधीश. शिक्षक झाल्यावर मुलांनाही मी ही कथा अशीच सांगत आलो. एकदा मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “सर, पाद्र्याने खून केला तर त्याला शिक्षा कोण करीत असे?” मला उत्तर देता आले नाही. घंटा झाली म्हणून माझी सुटका झाली.

ते उत्तर मला पुढे एका कादंबरीत मिळाले. न्यू जर्सीला राहणारी माझी मावसबहीण सुट्टीत मॉरिशसला आली, तेव्हा तिने शॅरन के पेनमन यांचे ‘टाइम अँड चान्स’ (२००२) हे पुस्तक आणले होते. पेनमनबाई न्यूयॉर्कमध्ये १९४५ साली जन्मल्या आणि न्यू जर्सीतील अटलांटिक सिटीत वाढल्या. व्यवसायाने त्या करविषयक वकील होत्या. त्यांच्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित मोटारीतून चोरीस गेले. त्यानंतर कित्येक वर्षे त्यांना एक ओळही लिहिता आली नाही. मग एके दिवशी त्यांनी ती सबंध कादंबरी पुन्हा पहिल्यापासून लिहावयास घेतली आणि १९८२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. २०२१ साली त्यांचे निधन झाले. वकिलाची नजर या लेखिकेपाशी होती हे ध्यानात ठेवावे, कारण हेन्री आणि बेकेट यांचे भांडण मुळात न्यायालयाचेच भांडण होते.

दोघे जिवलग मित्र होते. एकविसाव्या वर्षी गादीवर आलेल्या हेन्रीने लंडनच्या एका व्यापाऱ्याच्या या हुशार मुलाला आपला चान्सलर केले. बेकेटचा थाट राजाहूनही मोठा होता आणि राजाला त्याचे कौतुकच वाटे. ११६२ मध्ये हेन्रीने त्यालाच कँटरबरीचा आर्चबिशप नेमले. आपला माणूस धर्मपीठावर बसला म्हणजे चर्च आपल्या मुठीत आले, असा साधा हिशेब. तो साफ चुकला. बेकेटने चान्सलरपद सोडले आणि तो चर्चचा कट्टर कैवारी झाला.

वाद कशाचा होता? त्या काळी पाद्र्याने चोरी, मारामारी, खूनही केला तरी त्याचा न्याय चर्चच्याच न्यायालयात होई, आणि त्या न्यायालयास रक्त सांडणारी शिक्षा देता येत नसे. फार झाले तर प्रायश्चित्त, किंवा पाद्रीपद जाणे. फिलिप द ब्रॉय नावाच्या बेडफर्डच्या एका धर्माधिकाऱ्यावर एका सरदाराच्या खुनाचा आरोप होता. चर्चच्या न्यायालयात तो निर्दोष सुटला. राजाच्या न्यायाधीशाने प्रकरण पुन्हा उकरून काढले, तेव्हा फिलिपने त्यालाच शिव्या हासडल्या. ११६४ च्या जानेवारीत क्लॅरेंडन येथे हेन्रीने सोळा कलमे मांडली. अपराधी पाद्र्याचे पद चर्चने काढून घ्यावे आणि मग त्याला सामान्य माणसासारखी शिक्षा व्हावी, असा त्यातील एका कलमाचा आशय होता. एका अपराधाला दोन शिक्षा नकोत, असे बेकेटचे म्हणणे. त्याने आधी मान तुकविली, मग शब्द फिरविला आणि त्याच वर्षी तो फ्रान्सला पळून गेला. सहा वर्षे परदेशात राहिला.

वाचता वाचता मला वाटले, यात हेन्रीचे काय चुकले? खून करणाऱ्याच्या डोक्यावर पाद्र्याचे मुंडण आहे म्हणून त्याला सोडावयाचे काय?

शेवटची ठिणगी मात्र राज्याभिषेकाची होती. इंग्लंडच्या राजाला मुकुट घालण्याचा मान कँटरबरीचा. हेन्रीने ११७० च्या जूनमध्ये आपल्या मुलाचा राज्याभिषेक यॉर्कच्या आर्चबिशपकडून करविला. बेकेटने त्यात भाग घेणाऱ्या बिशपांवर धर्मदंड चालविला. ही वार्ता नॉर्मंडीत पोहोचली तेव्हा हेन्री संतापून आपल्याच दरबाऱ्यांना नाही नाही ते बोलला. चार सरदार ते बोल ऐकून समुद्र ओलांडून गेले आणि २९ डिसेंबर ११७० रोजी त्यांनी बेकेटला त्याच्याच कॅथेड्रलमध्ये ठार केले. राजाची बाजू कायद्याने कितीही बळकट असो, त्या संध्याकाळी ती बुडाली. तीन वर्षांच्या आत बेकेट संत म्हणून घोषित झाला.

पेनमनबाईंनी या कथेत कोणालाच खलनायक केलेले नाही. हेन्रीचा मामा रॅनल्फ हे पात्र त्यांनी स्वतः निर्माण केले आहे. हेन्रीच्या आजोबांना, म्हणजे पहिल्या हेन्रीला, वीसहून अधिक अनौरस मुले होती, तेव्हा आणखी एकाने काय बिघडते! पण पुस्तकाच्या शेवटी टीप लिहून खरे कोणते आणि कल्पिलेले कोणते हे त्या वाचकाला सांगून टाकतात. ही सवय मला फार आवडली. फ्रेंच नाटककार आनुई यांच्या ‘बेकेट’ नाटकाने १९६० मध्ये ब्रॉडवे गाजविले, १९६४ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. त्यात बेकेट हा जित सॅक्सन वंशाचा दाखविला आहे, पण तो होता नॉर्मन! चित्रपट पाहणाऱ्याला हे कोण सांगणार? आपल्याकडे रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना आहे. किती घरांत ती वाचली जाते हा प्रश्न वेगळा.

अमेरिकेत राजा नाही आणि सरकारी धर्मपीठही नाही. मग तेथील लेखिकेला हे भांडण इतके जवळचे का वाटावे? मला वाटते, त्याचे शेपूट अमेरिकेपर्यंत पोहोचले होते. खुनानंतर हेन्रीला माघार घ्यावी लागली आणि ११७६ मध्ये पाद्र्यांची सवलत बहुतांशी मान्य करावी लागली. पुढे ज्याला वाचता येते त्याला पाद्री समजू लागले. १७०६ मध्ये वाचनाची अटही गेली आणि पहिल्या अपराधापुरती ही सवलत सर्वांना मिळू लागली. इंग्रजांच्या वसाहतींबरोबर ती समुद्रापार गेली. ५ मार्च १७७० रोजी बोस्टनमध्ये इंग्रज शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या, पाच माणसे मेली. आठ शिपायांवर खटला चालला. त्यांचे वकील होते जॉन अ‍ॅडम्स, जे पुढे अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष झाले. सहा सुटले. दोघे सदोष मनुष्यवधाचे दोषी ठरले, तेव्हा त्यांनी हीच पाद्र्यांची सवलत मागितली. अंगठ्यावर तापल्या लोखंडाचा डाग देऊन त्यांना सोडण्यात आले. महिना होता डिसेंबर. बेकेटच्या खुनाला त्याच महिन्यात सहाशे वर्षे पूर्ण होत होती! १७९० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने आपल्या कायद्यातून ही सवलत काढून टाकली.

आता आपल्या घरात डोकावू. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. राज्य तलवारीने मिळविले होते, तरी क्षत्रियत्व मान्य व्हावे म्हणून काशीचे गागाभट्ट आले आणि आधी महाराजांची मुंज करावी लागली. १८९९ मध्ये कोल्हापूरच्या शाहू महाराजांना पंचगंगेवर कळले की आपल्यासाठी वेदोक्त नव्हे, पुराणोक्त मंत्र म्हटले जात आहेत. राजोपाध्यांनी वेदोक्त विधी नाकारले, तेव्हा महाराजांनी त्यांची इनामे जप्त केली. १९२० मध्ये तर त्यांनी स्वतःच क्षात्रजगद्गुरू नेमला. धर्मपीठावर आपला माणूस बसविणे, हाच तो हेन्रीचा हिशेब.

मी लहानपणापासून शाहू महाराजांच्या बाजूचा. आणि बेकेटच्याही बाजूचा! या दोन गोष्टी एका डोक्यात इतकी वर्षे सुखाने कशा नांदल्या, याचेच मला आता नवल वाटते. शाहू महाराजांच्या हातून रक्त सांडले नाही, हा फरक मोठा आहे, आणि ते मानासाठी, बहुजनांसाठी लढत होते, हाही. पण पुरोहिताच्या हाती राजाहून मोठी सत्ता असावी की नसावी, हा प्रश्न दोन्हीकडे एकच होता, आणि मी एका ठिकाणी ‘नसावी’ म्हणत होतो, दुसऱ्या ठिकाणी ‘असावी’.

मागच्या बाकावरच्या त्या मुलीला मी उत्तर सांगितले. ती म्हणाली, “मग सर, राजाचे बरोबर होते. पण त्याने माणसाला मारावयास नको होते.” हेन्रीलाही ते उमगले असावे. १२ जुलै ११७४ रोजी तो कँटरबरीला अनवाणी चालत गेला, बेकेटच्या थडग्यापाशी त्याने साधूंच्या हातून पाठीवर फटके खाल्ले आणि ती रात्र उपाशीपोटी तेथेच काढली. ‘टाइम अँड चान्स’ त्याच्या आधीच, ११७१ मध्ये संपते. तो प्रसंग ‘डेव्हिल्स ब्रूड’ (२००८) या पुढच्या खंडात आहे. तो खंड मावसबहिणीच्या घरी न्यू जर्सीला आहे. येत्या सुट्टीत घेऊन ये, असे मी तिला कळविले आहे.