खेळातील गुन्ह्यांचे माहितीपट आणि घरातील किशोरवयीन प्रेक्षक

ओटीटी मंचांवर, म्हणजे इंटरनेटद्वारे थेट मोबाइलवर किंवा टीव्हीवर चित्रपट पुरवणाऱ्या सेवांवर, खेळातील गुन्ह्यांविषयीच्या माहितीपटांचा एक वेगळा प्रकार गेल्या काही वर्षांत रुजला असून सामनानिश्चिती, उत्तेजक द्रव्ये, प्रशिक्षकांकडून होणारे शोषण असे विषय त्यात हाताळले जातात. खेळाची आवड असलेली मुले या प्रकाराकडे सहज ओढली जातात. हिंगोली शहरापासून वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथपर्यंत मोबाइल घरोघर पोहोचला आहे, आणि त्यावरचे पाहणे बहुधा एकट्याने, कानांत इअरफोन घालून चालत असल्याने मुलाने काय पाहिले हे पालकाला उशिरा कळते किंवा कळतच नाही. अशा वेळी माहितीपट दाखवावा की नाही, एवढ्यापुरता विचार अपुरा पडतो. तो कोणत्या वयात, कोणाच्या सोबतीने आणि कोणती पूर्वमाहिती देऊन दाखवावा, हे ठरवणे अधिक महत्त्वाचे ठरते.

या निर्णयात पालकाला पहिला आधार मिळतो तो वयोगटाच्या शिक्क्याचा. केंद्र सरकारने २५ फेब्रुवारी २०२१ रोजी अधिसूचित केलेल्या नियमांनुसार ओटीटीवरील प्रत्येक कलाकृतीचे यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए अशा पाच गटांत वर्गीकरण करावे लागते, हिंसा किंवा शिवराळ भाषा यांसारख्या आशयाची सूचना सुरुवातीलाच दाखवावी लागते आणि १३+ व त्यापुढील गटांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यावी लागते. हे कुलूप म्हणजे खात्याच्या सेटिंगमध्ये ठेवायचा पिन. तो अनेक घरांत कधी लावलेलाच नसतो, हा भाग वेगळा. मात्र हा शिक्का हिंसा, नग्नता, भाषा, अमली पदार्थ आणि अनुकरणाचा धोका यांचे मोजमाप करतो, तर माहितीपटात ज्याच्यावर बोट ठेवले आहे त्याचा गुन्हा न्यायालयात सिद्ध झाला की नाही, याविषयी तो काहीच सांगत नाही. खेळातील गुन्ह्यांच्या माहितीपटात रक्ताचा थेंबही न दिसता एखाद्याची अब्रू पणाला लागलेली असते, आणि किशोरवयीन प्रेक्षकाला मदतीची खरी गरज लागते ती येथेच.

नेटफ्लिक्सवर १७ मार्च २०२३ रोजी आलेला, सुप्रिया सोबती गुप्ता यांनी दिग्दर्शित केलेला ‘कॉट आउट : क्राइम, करप्शन, क्रिकेट’ हा माहितीपट या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. त्याचा विषय २००० साली उघडकीस आलेले सामनानिश्चितीचे प्रकरण, म्हणजे पैसे घेऊन सामन्याचा निकाल किंवा त्यातील एखादा भाग आधीच ठरवण्याचा व्यवहार, हा असून कथन मुख्यतः शोधपत्रकार आणि तपास अधिकारी यांच्या तोंडून पुढे सरकते. खंडणीच्या एका प्रकरणात दूरध्वनी संभाषणे ऐकत असताना दिल्ली पोलिसांच्या हाती दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए आणि एक बुकी, म्हणजे सट्ट्याच्या पैजा स्वीकारणारा मध्यस्थ, यांच्यातील बोलणे लागले आणि ७ एप्रिल २००० रोजी पोलिसांनी ते जाहीर केले. क्रोनिएने प्रथम आरोप फेटाळला, परंतु चार दिवसांतच आपण पूर्ण खरे बोललो नव्हतो अशी कबुली त्याने दिली आणि त्याचे कर्णधारपद गेले. पुढे न्यायमूर्ती एडविन किंग यांच्या आयोगासमोर त्याची साक्ष झाली आणि १ जून २००२ रोजी विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला.

भारतातील धागा मात्र इतका सरळ नाही. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या अहवालानंतर डिसेंबर २००० मध्ये क्रिकेट नियामक मंडळाने मोहम्मद अझरुद्दीन आणि अजय शर्मा यांच्यावर आजीवन, तर मनोज प्रभाकर आणि अजय जडेजा यांच्यावर पाच वर्षांची बंदी घातली. जडेजाला २००३ साली दिल्ली उच्च न्यायालयातून दिलासा मिळाला आणि अझरुद्दीनवरील बंदी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये बेकायदा ठरवली. कपिल देव यांच्यावर प्रभाकर यांनी केलेल्या आरोपाला विश्वासार्ह पुरावा नसल्याचे अन्वेषण विभागानेच नोंदवले होते. त्याआधी, १९९७ साली, मंडळाने माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्याकडून चौकशी करवून घेतली होती आणि तिच्यात काहीही ठोस निघाले नव्हते. एकाच प्रकरणात आरोप, खेळसंस्थेची शिक्षा, तपासयंत्रणेचा निष्कर्ष आणि न्यायालयाचा निकाल अशा चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. त्यांतल्या एकीवर उभे राहून काढलेले मत दुसरीवर टिकत नाही, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला पार्श्वसंगीताच्या लाटेवर हे भान आपोआप राहील अशी अपेक्षा करणे अवाजवी आहे.

या घोटाळ्यामागे कायद्याची एक पोकळीही आहे. भारतात सामनानिश्चितीविरुद्ध स्वतंत्र फौजदारी कायदा नाही, तर श्रीलंकेने तसा कायदा २०१९ मध्ये केला. त्यामुळेच २०१३ च्या आयपीएलमधील स्पॉट फिक्सिंगच्या, म्हणजे संपूर्ण सामन्याऐवजी एखादे षटक वा चेंडू ठरवून टाकण्याच्या, प्रकरणात दिल्ली पोलिसांनी मुळात संघटित टोळ्यांसाठी महाराष्ट्राने १९९९ साली केलेला मकोका कायदा लावला. मुंबईचा अंकित चव्हाण, एस. श्रीशांत आणि अजित चंडिला हे तिघे खेळाडू त्यात अटकेत गेले आणि जुलै २०१५ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तरीही मंडळाची बंदी चालूच राहिली. फौजदारी खटल्यातून सुटका आणि खेळसंस्थेची शिस्तभंगाची कारवाई एकमेकांपासून स्वतंत्र असतात, एवढी एक गोष्ट पालकाने आधी समजावून सांगितली तर असा माहितीपट पाहताना निम्मा गोंधळ टळतो.

आरोप आणि निकाल यांतला फरक माहितीपट दाखवतो का, ही पहिली कसोटी झाली; दुसरी कसोटी पैशाच्या चित्रणाची आहे. सट्टा कसा चालतो हे दाखवल्याशिवाय असा माहितीपट पूर्ण होत नाही, परंतु नोटांच्या थप्प्या, आलिशान हॉटेले आणि बुकीचा रुबाब यांवर कॅमेरा रेंगाळत असेल आणि हरणाऱ्यांचा मागमूसही नसेल, तर तो चित्रपट नकळत जाहिरातीचे काम करतो. महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये देशभर बंदी आणली, ही माहिती मुलांना पडद्यावरून मिळेलच असे नाही.

हे सारे मुंबई-दिल्लीचे प्रश्न आहेत असे हिंगोलीच्या पालकाने समजण्याचे कारण नाही. राज्याच्या शासकीय सेवेत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण असून पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या मुलामुलींना त्याचे मोल नेमके ठाऊक असते, आणि याच आरक्षणासाठी बनावट क्रीडा प्रमाणपत्रे वापरल्याची प्रकरणे राज्यात उघडकीस आली आहेत. खोट्या प्रमाणपत्रावर एक जण भरती झाला की खरा खेळाडू बाहेर राहतो. मुलाशी बोलताना क्रोनिएपेक्षा हे उदाहरण अधिक उपयोगी पडेल, कारण त्यातले नुकसान त्याच्या ओळखीच्या जगात घडते.

‘कॉट आउट’ चौदा वर्षांपुढील मुलांनी मोठ्यांसोबत पाहावा असा आहे. आपण आधी पूर्ण पाहायला वेळ नसलेल्या पालकाने किमान शेवटची काही मिनिटे, विशेषतः अखेरीस पडद्यावर उमटणारी लेखी निवेदने वाचावीत, कारण पुढे खटल्याचे काय झाले आणि कोणी बोलण्यास नकार दिला हे बहुधा तेथेच येते. ज्या पालकाला इंग्रजी वा हिंदी संवाद जड जातात त्याने मुलालाच अर्थ विचारावा. बोलणारा माणूस प्रत्यक्ष साक्षीदार आहे, पोलीस आहे की केवळ मतप्रदर्शन करणारा आहे, हे सांगता सांगता मूलही अधिक नेटके पाहू लागते.

बॉनी कोहेन आणि जॉन शेन्क यांच्या ‘अॅथलीट ए’ (२०२०) या माहितीपटाला मात्र हे मोजमाप पुरत नाही. अमेरिकी जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने उपचाराच्या नावाखाली मुलींचे वर्षानुवर्षे केलेले लैंगिक शोषण आणि ते दडपणारी खेळसंस्था हा त्याचा विषय असून जानेवारी २०१८ मध्ये नासरला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली, म्हणजे येथे दोषाविषयी संदेह उरलेला नाही. त्यातील कथने सोळा वर्षांखालील मुलांना एकट्याने पाहण्यासाठी जड आहेत. तथापि तालमीत, कबड्डीच्या मैदानावर किंवा निवासी शिबिरात प्रशिक्षकाच्या भरवशावर मूल सोपवणाऱ्या पालकांनी तो स्वतः अवश्य पाहावा, आणि कोणता स्पर्श गैर, तो कोणाला सांगायचा, हे मुलांना वय न पाहता सांगावे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलावर असा अपराध घडल्याचे ज्याला कळते त्याने तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि संकटातील बालकांसाठी १०९८ हा मदत क्रमांक दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे.