खेळाडूंची चित्रपत्रे आणि त्यांची निगा

१८९६ साली विल्स या इंग्रज कंपनीने सिगारेटच्या पाकिटांतून ५० क्रिकेटपटूंची चित्रे वाटली. अशी चित्रे जमवण्याचा छंद १९९०च्या दशकात ‘बिग फन’ च्युइंगगममधील क्रिकेटपटूंच्या चित्रांच्या रूपाने मराठवाड्यातील मुलांच्या दप्तरांपर्यंतही येऊन पोहोचला. १९५२ सालचे बेसबॉलपटू मिकी मँटल यांचे टॉप्स कंपनीचे चित्रपत्र २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले, ही वार्ता विस्मयकारक खरी. परंतु मूल्य ठरते ते दुर्मिळतेवर आणि कोपरे, कडा, पृष्ठभाग व छपाईचे मध्यवर्तित्व यांच्या निर्दोषतेवर.

म्हणूनच ज्यांच्या जुन्या पेटीत असा ऐवज पडून असेल, त्यांनी तो लॅमिनेट करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण त्यातून मूळ वस्तू पुन्हा मोकळी करता येत नाही. पीव्हीसीची पाकिटे कालांतराने चिकट होऊन शाई ओढतात; त्यांऐवजी पॉलिप्रॉपिलीनची पाकिटे व वर कडक आवरण वापरावे. लातूरच्या प्रखर उन्हात रंग उडतात, तर नांदेडला गोदाकाठच्या पावसाळी दमटपणाने पुठ्ठा वाकतो. तेव्हा भिंतीवर प्रत लावून मूळ चित्र सिलिका जेलसह बंद डब्यात, अंधारात ठेवणे इष्ट.

आपल्या संग्रहांत क्रिकेटचेच प्राबल्य असते, याची मला मनःपूर्वक खंत वाटते. लातूर जिल्ह्याने महाराष्ट्र केसरी हरिश्चंद्र बिराजदारांसारखा मल्ल दिला. अशांची छायाचित्रे व कुस्तीच्या फडांची जुनी हस्तपत्रकेही त्याच आस्थेने, मागे तारीख व गाव पेन्सिलीने नोंदवून, जतन व्हावीत.