हडळ आणि ओली बाळंतीण

नाशकात राक्षसी म्हटली की शूर्पणखाच आठवते. लक्ष्मणाने तिचं नाक कापलं ती जागा म्हणून तपोवन दाखवतात. पण पेठ तालुक्यात नर्सबाई म्हणून फिरताना बायकांच्या तोंडी मी तिचं नाव ऐकलं नाही. ऐकलं ते हडळीचं.

हडळ म्हणजे बाळंतपणात किंवा ओली बाळंतीण असताना गेलेली बाई. पाय उलटे, केस मोकळे, वस्ती विहिरीपाशी नाहीतर चिंचेवर. मलेशियातली पोंतियानाक, इंडोनेशियातली कुंतिलानाक, याही बाळंतपणात गेलेल्याच. जपानची उबुमे रात्री वाटसरूला थांबवून बाळ हातात घ्यायला सांगते. इतक्या दूरच्या मुलखांनी एकाच बाईचं भूत केलं, कारण ती बाई सगळीकडे मरत होती.

बाळंतिणीला हडळ लागली हे कशावरून ओळखायचं? जुन्या बायका सांगत: तापाने फणफणते, बरळते, डोळे फिरवते, दातखीळ बसते. ही लक्षणं आम्हालाही शिकवलेली होती. गर्भाशयात जंतू शिरले की असा ताप येतो. रक्तदाब चढला की झटके येतात, बाळंतपण उरकल्यावरही येतात. त्यावर अँटिबायोटिक आहे, मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन आहे. भगताच्या अंगाऱ्या-धुपाऱ्यात गेलेली रात्र मात्र भरून निघत नाही. मला हडळीची भीती कधी वाटली नाही, फार वाईट वाटलं.

सटवाईचंही असंच. पाचवी-सहावीच्या रात्री कोरा कागद नि लेखणी मांडायची. ती येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते. या रात्री येतात नेमक्या धोक्याच्या दिवसांत: विळ्याने नाळ कापून तिला शेण किंवा राख लावली, तर धनुर्वात बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात गाठतो. चांगलं दूध ओढणारं बाळ ओढेनासं होतं, मग ताठरतं. त्या दिवसांत आईने जागं राहावं, दिवा विझू देऊ नये, असं ज्या बायकांनी ठरवलं त्यांनी किती बाळं जाताना पाहिली असतील! गरोदरपणातली धनुर्वाताची सुई आणि नाळेसाठी नवं ब्लेड यांनी चित्र पालटलं. 2015 साली भारतातून माता व नवजातांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. सटवाईची पूजा अजून होते. जरूर व्हावी.

एवढंच सांगणं आहे: बाळंतपणानंतरच्या 42 दिवसांत घरातली बाई तापली, बरळू लागली, तिला झटका आला किंवा रक्तस्राव थांबेना, तर आधी 108 ला फोन करा.