रोजची सायकल आणि तिचे ब्रेक

इंदूरच्या स्नेहलतागंजातील रस्त्यावर सकाळी सातच्या सुमारास पाहिले, तर मोटारी आणि मोटारसायकलींच्या गर्दीतून वाट काढीत जाणारी सायकल अजूनही नजरेस पडते. तिच्या मागे कधी दुधाच्या बरण्या असतात, कधी वर्तमानपत्रांचा गठ्ठा असतो, कधी कामावर निघालेल्या माणसाचा जेवणाचा डबा असतो. एके काळी या शहरात सायकल हे कष्टकऱ्याचे राजमान्य वाहन होते. मालवा मिल, राजकुमार मिल, हुकुमचंद मिल या गिरण्यांची पाळी बदलली की रस्ते सायकलींनी भरून जात. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. इतर गिरण्याही एकामागून एक थांबल्या आणि त्या सायकलींचे लोंढेही ओसरले. तथापि ज्याला सायकलीवाचून गत्यंतर नाही असा माणूस नाहीसा झालेला नाही. फरक पडला आहे तो त्याच्या भोवतालच्या वाहनांत. ती संख्येने वाढली आहेत आणि वेगानेही. अशा रस्त्यावर सायकल किती चालते यापेक्षा ती किती अंतरात थांबते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

असे असूनही सायकलीच्या सर्व भागांत सर्वांत उपेक्षित राहतो तो ब्रेकच. टायर फुटला तर सायकल चालत नाही, म्हणून तो त्याच दिवशी दुरुस्त होतो. चेन तुटली तर ती तत्काळ जोडली जाते. ब्रेक मात्र निकामी झाला तरी सायकल चालतच राहते. मागचा ब्रेक लागत नाही, पुढच्यावर भागते. पुढचाही सैल झाला, तर चपलेचा तळ टायरवर टेकवून काम निभावते. असे निभावता निभावता महिने लोटतात आणि एके दिवशी समोर एखादे मूल धावत येते. त्या क्षणी मात्र निभावणे शक्य नसते.

ब्रेक म्हणजे सायकलीचा एखादा सुटा पुर्जा, ही समजूत प्रथम सोडली पाहिजे. बोटांपासून रस्त्यापर्यंत पोचणारी ती एक साखळी आहे. हाताने दाबलेली लिव्हर, तिच्यापासून निघालेली सळई किंवा वायर, तिच्या टोकाचे रबर, रबर जिला घासते ती रिम, रिमेला तोलून धरणारे स्पोक आणि शेवटी रस्त्याला टेकलेला टायर, अशा या साखळीच्या कड्या आहेत. यांतील जी कडी सर्वांत दुबळी, तेवढेच त्या ब्रेकचे बळ. नवी रबरे बसवूनही सायकल थांबत नाही अशी तक्रार करणाऱ्याने दोष रबरात न शोधता उरलेल्या पाच ठिकाणी शोधावा.

थांबण्याचे गणित थोडक्यात असे आहे. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात सुमारे ४ मीटर पुढे जाते. अडथळा दिसणे, तो मनाला उमगणे आणि बोटे आवळली जाणे यांत सुमारे एक सेकंद जातो. ब्रेक चांगले असतील आणि रिम कोरडी असेल, तर त्यानंतर सुमारे ३ मीटरांत सायकल उभी राहते. म्हणजे एकूण अंतर ७ मीटर झाले. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ३० किलोमीटर झाला, तर विचारात जाणारे अंतर दुप्पट होते. पण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट न होता चौपट होते. ३ मीटरांचे १२ मीटर होतात आणि एकूण अंतर २० मीटरांवर जाते. स्नेहलतागंजाकडून मिलभागाकडे जाताना रेल्वेवरचे पूल ओलांडावे लागतात. अशा पुलाच्या उतारावर पायडल न मारताही हा वेग सहज येतो. त्यातच मागे ओझे असेल आणि हाताचा जोर तेवढाच राहिला, तर ओझ्याच्या प्रमाणात अंतर आणखी वाढते. उतारावरून बरण्या घेऊन येणाऱ्याला म्हणूनच इतरांपेक्षा अधिक चांगल्या ब्रेकांची गरज असते. प्रत्यक्षात मात्र बहुधा त्याचेच ब्रेक अधिक झिजलेले असतात.

या गणिताला खरा धक्का बसतो तो पावसाळ्यात. चकचकीत मुलामा दिलेली लोखंडी रिम कोरडी असताना रबर तिला बऱ्यापैकी धरते. ती भिजली की दोहोंच्या मध्ये पाण्याचा पातळ थर येतो आणि पकड कोरड्या वेळच्या अल्पांशावर उतरते. मोठ्या काळ्या सायकलीच्या चाकाचा एक फेरा म्हणजे सुमारे सव्वादोन मीटर. पाण्याचा थर पुसून निघण्यासाठी चाकाला चार-पाच फेरे घ्यावे लागले, तर ब्रेक धरू लागण्यापूर्वीच दहा-अकरा मीटर रस्ता मागे पडलेला असतो. माळव्याची काळी चिकण माती त्यात मिसळली, म्हणजे पकड आणखी कमी होते आणि रबर मात्र कानशीने घासल्यासारखे झिजते. दुकानात उन्हात उभ्या असलेल्या सायकलीची लिव्हर दाबून पाहणे ही म्हणून ब्रेकची परीक्षा नव्हे. त्याची परीक्षा भिजलेल्या रिमेवर होते. सायकल निवडताना आणि तिची निगा राखताना हीच गोष्ट ध्यानात ठेवावयाची असते.

निवडीचा पहिला प्रश्न त्यामुळे ब्रेकचा नसून रिमेचा आहे. ॲल्युमिनियमची रिम पावसातही लोखंडी रिमेपेक्षा पुष्कळच चांगली पकड देते. घेणाऱ्याने खिशात एक लहानसे लोहचुंबक ठेवावे. ते रिमेला चिकटले तर रिम लोखंडाची समजावी. लोखंडी रिम त्याज्य आहे असे नव्हे. ती मजबूत असते, स्वस्त असते आणि खड्ड्यांचे आघात सोसते. मात्र ती असेल तर पावसात वेग कमी ठेवण्याचा नियम कटाक्षाने पाळावा लागतो.

दुसरा प्रश्न ब्रेकच्या जातीचा. जुन्या घडणीच्या उंच काळ्या सायकलीला सळयांचे ब्रेक असतात. लिव्हर दाबली की सळया ओढल्या जातात आणि रबरे रिमेच्या आतल्या, म्हणजे हबकडील अंगाला दाबली जातात. या सायकली भारतात सर्वत्र जवळजवळ एकाच ब्रिटिश धर्तीवर तयार झाल्या. मद्रासजवळच्या अंबत्तूरचा टी. आय. सायकल्सचा कारखाना, आसनसोलचा सेन-रॅले, सोनीपतचा ॲटलस, १९५६ साली लुधियानात सुरू झालेला हिरो, या सर्वांनी त्याच मापांचे भाग वापरले. सायकल कोणत्याही नावाची असो, तिचा भाग गल्लीतल्या कारागिराकडे मिळतो, याचे कारण हेच. सळयांच्या ब्रेकचा गुण असा की तो सहसा एकाएकी तुटत नाही आणि एका पान्याने दुरुस्त होतो. दोष असा की त्याला सांधे फार. प्रत्येक सांध्यात थोडी थोडी ढिलाई साचली, की लिव्हर मुठीपर्यंत येते आणि रबर रिमेपर्यंत पोचत नाही.

वायरचे ब्रेक याहून हलके असतात. आवरणातून सरकणाऱ्या लवचिक वायरीचे पेटंट अर्नेस्ट बोडेन याने १८९६ साली ब्रिटनमध्ये घेतले आणि वळणावळणांतून ओढ नेणे सोपे झाले. साधा कॅलिपर ब्रेक याच वायरीवर चालतो. त्याचे हात लांब आणि पातळ असतील, तर जोराने दाबताच ते वाकतात आणि बळ वाया जाते. १९९६ च्या सुमारास जपानच्या शिमानो कंपनीने व्ही-ब्रेक बाजारात आणला. त्याचे दोन उभे हात चिमट्यावरच पक्के बसलेले असल्याने थोड्या जोरातही तो चांगला धरतो. ॲल्युमिनियमची रिम आणि व्ही-ब्रेक ही जोडी रोज शहरात ये-जा करणाऱ्यास किंमत व उपयोग या दोन्ही दृष्टींनी पुरेशी होते.

डिस्क ब्रेक अलीकडे पुष्कळ सायकलींवर दिसतो. त्याची तबकडी हबजवळ असल्यामुळे रस्त्यावरचे पाणी व चिखल तिच्यापर्यंत कमी पोचतो. रिम थोडी वाकडी झाली तरी त्याला बाध येत नाही. पण तबकडी वाकली किंवा तिला तेलाचा हात लागला, तर तो निरुपयोगी होतो. शिवाय तो हव्या त्या सायकलीवर मागाहून बसवता येत नाही. त्यासाठी हब आणि चिमटा मुळातच त्या बेताने घडवलेला असावा लागतो. ज्या भागाची रबरे वा पट्ट्या घराजवळच्या दुकानात मिळत नाहीत, तो कितीही उत्तम असला तरी रोजच्या सायकलीला सोयीचा नव्हे, हे घेणाऱ्याने विसरू नये.

पुढच्या ब्रेकविषयी एक भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तो दाबला की माणूस तोंडावर पडतो, असे मुलांना शिकवले जाते आणि मग जन्मभर मागच्याच ब्रेकवर विसंबले जाते. वस्तुस्थिती अशी की सायकल थांबू लागली की भार पुढच्या चाकावर सरकतो आणि मागचे चाक हलके होते. हलके झालेले चाक चटकन घसरते. त्यामुळे केवळ मागच्या ब्रेकने थांबण्यास दोन्ही ब्रेकांच्या मानाने जवळजवळ दुप्पट अंतर लागते. हात ताठ ठेवून, शरीर किंचित मागे नेऊन, दोन्ही ब्रेक क्रमाक्रमाने आवळावेत. पुढचा एकदम करकचून दाबू नये, आणि वळणावर, वाळूवर किंवा ओल्या लोखंडी झाकणावर तर मुळीच दाबू नये. हँडलला अडकवलेली पिशवी पुष्कळदा लिव्हरच्या आड येते. तिची जागा कॅरिअरवर आहे.

आता निगेकडे वळावे. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे दिली तरी ती पुरते. लिव्हर पूर्ण दाबली असता ती आणि मूठ यांच्यामध्ये निदान दीड-दोन बोटांचे अंतर राहिले पाहिजे. रबर रिमेपासून दोन-तीन मिलिमीटरांवर असावे आणि दाबले असता ते पूर्णपणे रिमेवरच बसावे. टायरला घासणारे रबर टायर कापते. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की ते बदलावे. त्यात रुतलेले खडे व धातूचे कण टोकदार सुईने काढावेत, आणि पृष्ठभाग चकाकू लागला असेल तर तो काचकागदाने खरवडावा. नवे रबर बसवताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी: ज्या धातूच्या खोबणीत ते सरकवलेले असते, तिचे बंद तोंड चाक रबराला ज्या दिशेने ओढते त्या दिशेला असले पाहिजे. ते उलटे बसले, तर ऐन वेळी रबर खोबणीतून निसटून जाते.

डोळ्यांत तेल घालावे, रिमेवर मात्र घालू नये. सायकलीला तेल देताना ते हबमधून स्पोकवरून ओघळते आणि रिमेवर पोचते. रिम साबणाच्या पाण्याने धुवून कोरड्या फडक्याने पुसावी. तेलाचा थेंब हवा तो सळयांच्या सांध्यांना आणि वायरीच्या आवरणात. वायरीचा एक जरी धागा तुटलेला दिसला तरी ती बदलावी. उरलेले धागे किती दिवस टिकतील याचा अंदाज घेत बसू नये.

ब्रेकच्या साखळीतील पुढील कड्याही याच वेळी पाहून घ्याव्यात. चाक फिरवून ते आउट आहे काय ते पाहावे. वाकड्या रिमेवर रबर एकदा लागते आणि एकदा सुटते. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवली असता हँडलच्या मुळाशी खडखड जाणवली, तर तेथील छर्रे सैल झाले आहेत असे समजावे. चेनचे २४ दुवे नव्या स्थितीत बरोबर १२ इंच भरतात. ते एक-अष्टमांश इंचाने अधिक भरले, तर चेन बदलावी, कारण झिजलेली चेन जोर लावताच दातांवरून उडते आणि स्वाराचा तोल जातो. चेन ताणण्यासाठी मागचे चाक मागे सरकवले जाते. तसे केल्यावर रिम आणि रबर यांची जागा बदलते. म्हणून चेन ताणून आणल्यावर मागचा ब्रेक पुन्हा जुळवून घ्यावा. पुष्कळ सायकलींचा मागचा ब्रेक निकामी होण्याचा आरंभ येथूनच होतो. टायरची नक्षी आणि त्यातील हवा पाहिली म्हणजे रस्त्यापर्यंतची साखळी पूर्ण झाली.

पावसात मात्र एवढ्याने भागत नाही. चौक किंवा उतार येण्यापूर्वीच दोन्ही लिव्हर हलकेच दाबून धराव्यात, म्हणजे रिमेवरचे पाणी आधीच पुसले जाते आणि गरज पडेल तेव्हा पकड हाताशी असते. वेग अर्ध्यावर आणला, तर ब्रेकचे अंतर चौथाईवर येते. भिजलेल्या लोखंडी रिमेवर यासारखा दुसरा उपाय नाही.

ब्रेकच्या रबरांची जोडी इंदुरी न्याहारीच्या पोहे-जिलबीहून फारशी महाग नसते. जूनच्या मध्यावर माळव्यात पहिला पाऊस येतो. त्याच्या आधीच्या एखाद्या रविवारी ती बदलून घेणे, सळया किंवा वायरी पाहून घेणे आणि मग ओल्या रिमेवर, मोकळ्या जागेत, सायकल किती पावलांत थांबते ते प्रत्यक्ष मोजून ठेवणे, एवढे प्रत्येकाला साधण्यासारखे आहे. ती पावले ज्याला माहीत आहेत, तो समोरच्या वाहनापासून आणि रस्ता ओलांडणाऱ्या मुलापासून तेवढे अंतर राखूनच सायकल चालवील.